व्हिएन्नाच्या कॅथेड्रलमध्ये अनवाणी

त्या दिवसांत माझी दुआ आटली होती. नमाज चुकत नव्हती, पण नंतर हात उचलले की मागायला शब्दच येत नसत. आम्ही रत्नागिरीकडचे, साठच्या दशकात दुबईला, देराच्या बाजूला राहत होतो. नवरा एका अरब व्यापाऱ्याच्या गोदामावर मुकादम होता. नवऱ्याच्या डोक्यात गाठ निघाली आणि त्या दिलदार व्यापाऱ्याने आम्हा दोघांना ऑपरेशनसाठी थेट व्हिएन्नाला पाठवलं. जीव वाचेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हता. आत नेताना नवरा म्हणाला, "रडू नको गं. यल्ला, जरा बाहेर फिरून ये. तू इथे बसलीस म्हणून डॉक्टरचा हात थोडाच लवकर चालणार आहे?"

इस्पितळात जीव घुसमटला, म्हणून खरंच बाहेर पडले. जवळच एक जुनं गॉथिक कॅथेड्रल होतं, उंच आणि काळवंडलेलं. दर्ग्यात शिरताना करतो तसे मी दारातच बूट-मोजे उतरवले, डोक्यावर पदर घेतला आणि आत गेले. बाकी सगळे बूट घालूनच फिरत होते. मनात म्हटलं, काय बाई ही माणसं, देवाच्या घरात अशी! थंडगार दगडी फरशीने पाय बधिर झाले तेव्हा कळलं, वेडी मीच.

रंगीत काचांतून उजेड शांतपणे खाली उतरत होता. एका कोपऱ्यात बाळ घेतलेली मूर्ती होती. ही बीबी मरियम, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मूर्तीपुढे हात जोडणं आमच्यात नाही, म्हणून मी नुसतीच बाकावर बसले. तेवढ्यात एक म्हातारी माझ्या पायांकडे बघत आली. तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, गळ्यातला लोकरी मफलर सोडला आणि खाली बसून माझे पाय त्यात गुंडाळून चोळू लागली. आई गेल्यापासून माझी अशी काळजी कुणी केली नव्हती. मला हुंदका फुटला. "या अल्लाह, त्याला वाचव," असं म्हणायला गेले आणि तोंडून निघालं, "तो तुझाच आहे. तू ठरवशील ते."

नवरा वाचला. डावा हात मात्र लुळा राहिला. दुबईला परतल्यावर शेजारीण म्हणाली, "तौबा तौबा, चर्चमध्ये दुआ? बघ, अर्धीच कबूल झाली!" ती म्हातारी कोण, मला ठाऊक नाही. अल्लाहने पाठवली, एवढंच मानते. रोज सकाळी नवऱ्याच्या त्या हाताला मी तेल लावते. हात हलत नाही, पण ऊबदार असतो. तेवढ्यासाठी मी अल्लाहचा शुक्र मानते.