मोजणीअप्पांचा एक गुंठा

मोजणीअप्पा कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी खोली मोजत. टेप वगैरे काही नाही. टाचेला अंगठा लावत भिंतीच्या कडेने चालायचे, ओठ पुटपुटत असायचे, आणि कोपऱ्यात पोचले की निकाल जाहीर. पिंपरीजवळच्या चिखलीतल्या आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको चहाचा ट्रे घेऊन नेमकी त्यांच्या वाटेत उभी होती. तिला वळसा घालून ते मोजत पुढे गेले. "दहा बाय बारा," ते म्हणाले. "एवढ्यात आमच्याकडं दोन म्हशी आन एक जावई मावतो, भाऊ." ते गेल्यावर बायकोने विचारलं, "हे कंपनीत नक्की काय काम करतात?"

कंपनीत ते प्रेसवर होते. चाकणच्या त्या कारखान्यात मी तपासणी विभागात, हातात व्हर्नियर घेऊन केसाएवढे फरक शोधणारा. अप्पा जिन्यावरून जाताना म्हणायचे, "तुमचं माप बारीक, आमचं मोठं." त्यांचं खरं नाव टाइम ऑफिसला ठाऊक असेल. बाकी सगळ्या शिफ्टला ते मोजणीअप्पाच होते. लातूरकडून आलेले, कुरुळीत चौघांच्या भागीतल्या खोलीत राहणारे, डोक्यावर टोपी आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे.

आमच्या कंपनीची बस चिखलीहून मोशीमार्गे चाकणला जायची. पहिली शिफ्ट असली की अप्पाही आदल्या दिवशी कुणा गाववाल्याकडे मुक्काम करून चिखलीतूनच बसायचे, मुद्दाम, वाटेतले फलक बघायला. रस्त्याच्या दुतर्फा बिल्डरांचे फलक, निसर्गाच्या कुशीत आणि स्वप्नांच्या उंबरठ्यावर वगैरे. पोरं ओरडायची, "अप्पा, भाव!" आणि अप्पा सुरू. "हा वन बीएचके म्हंजी आमच्या गावातलं चार एकर. हा पुढचा, साडेतीन. आता कुरुळी आली, तीन एकरात जमतंय बगा." बस जसजशी शहरातून बाहेर पडायची तसतसे अप्पांचे एकर कमी होत जायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. ते मात्र हसत नसत. एकदा म्हणाले, "माजा बाप एका एकरासाठी भावाशी जन्मभर बोलला न्हाई. हितं त्याचा संडास येतोय."

अप्पांची जमीन तीन एकर होती, कोरडवाहू. दरवर्षी मार्गशीर्षातल्या अमावास्येला ते हमखास रजा टाकत. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. येळवस म्हणतात तिला. आमच्या सुपरवायझरच्या कॅलेंडरात असला सण नव्हता, त्यामुळे दरवर्षी भांडण ठरलेलं. अप्पा भांडून जायचे आणि परतताना स्टीलच्या डब्यात भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे आणायचे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, हे मला तो डबा उघडल्यावर कळलं. सगळ्या शेंगा-दाण्यांची ती पातळ, चिंचेच्या चवीची भाजी मी अप्पांच्या डब्याबाहेर कुठे खाल्ली नाही.

ती भज्जी पूर्वी त्यांची बायको करायची, आता गावातलं कुणी ना कुणी डबा भरून द्यायचं. मी ओळखू लागलो तोवर ती गेलेली होती. अप्पा लिंगायत. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, मातीत बसवून समाधी देतात, आणि ज्याला शेत आहे तो आपल्या शेतातच जागा देतो. तिची समाधी त्यांच्या तीन एकरात, विजेच्या खांबापासून थोडी अलीकडे होती. "तेरा वर्सं म्हणत होतो, खोली घेतली की नेतो," एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सांगितलं. "ती इचारायची, किती मोठी खोली? मग मी अंगणात पावलं टाकून दाखवायचो. हितं एक खोली बगून जायचो, तितं तिला मोजून दाखवायचो. लई हसायची." खोली काही झाली नाही. तिच्या समाधीशेजारी त्यांनी एका माणसाची जागा राखून ठेवली होती. "तेवढी एक जागा मला परवडती, भाऊ," असं म्हणाले आणि डबा धुवायला उठले. त्या दिवसानंतर बसमध्ये त्यांना भाव विचारायचं मी बंद केलं.

मन्मथ हा त्यांचा एकुलता मुलगा. हुशार निघाला, हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत लागला, मारुंजीत भाड्याने राहू लागला. त्याचं लग्न जमेना. मुलगी बघायला गेलं की मुलीचे वडील पहिला प्रश्न टाकत, "पुण्यात स्वतःचा फ्लॅट?" फ्लॅट नाही म्हटलं की पोहे आवरते घेतले जात. तीन एकर शेत आहे असं अप्पांनी एकदा छाती काढून सांगितलं, तर ते गृहस्थ म्हणाले, "कोरडवाहू ना?" मन्मथची तिशी उलटली. अप्पा बसमध्ये गप्प बसू लागले.

आता मी जे केलं ते सांगायला हवं. जमीन विका, असं अप्पांना मी सांगितलं. माझे वडील गावाहून पिंपरीच्या कारखान्यात आले तेव्हा त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. जमीन नावाची गोष्ट आमच्या घराने कायम दुसऱ्याची पाहिली. बाबासाहेबांचा फोटो, शिक्षण आणि महिन्याचा पगार, यावर आम्ही उभे राहिलो आणि मला त्याचा अभिमानच आहे. पण त्यामुळे मातीत माणूस कसा गुंतलेला असतो हे मला कळत नव्हतं. मला फक्त भाव कळत होता. "अप्पा, तिथली जमीन आहे तिथेच पडून राहणार. इथला भाव दरवर्षी पळतोय. रोज मोजता आणि एवढं कळत नाही?" ते म्हणाले, "तिचा एक गुंठा हाय त्यात." आणि मी म्हणालो, "एका गुंठ्यासाठी मुलाचं लग्न अडवणार का?" हे वाक्य मी कुठून आणलं देव जाणे. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशेबात आपलीच चूक सापडावी तसं.

त्यांनी तो एक गुंठा बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. तालुक्याला वकिलाने सांगितलं की इतका लहान तुकडा राखून बाकीचं खरेदीखत करता येत नाही, कायदा आड येतो. विकायचं तर सगळं विका. घेणारा त्यांच्याच गावचा होता. त्याने गळ्यातल्या लिंगाला हात लावून शब्द दिला, "काकूच्या समाधीला नांगर लागणार न्हाई." अप्पांनी मला फोन करून विचारलं, "शब्दावर इकावं का?" मी म्हणालो, "गावचाच माणूस आहे, फसवेल कशाला?"

तीन एकरांचे जे पैसे आले त्यात चिखलीतल्या फ्लॅटचा हॉल आणि स्वयंपाकाचा ओटा आला असेल. बाकीचं घर मन्मथच्या पगारातून फिटणार होतं. लग्न झालं, सून गोड स्वभावाची मिळाली. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. पोरं म्हणाली, "अप्पा, मोजा की!" अप्पा भिंतीपाशी गेले, चार पावलं टाकली आणि थांबले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "पावणे आलेत." त्या घरात त्यांनी पुन्हा कधी पाऊल मोजलं नाही.

पहिली येळवस आली तेव्हा ते मला म्हणाले, "चला भाऊ, यंदा तुमी. येळवसेला कुणी कुणाच्याबी शेतात जातंय, कुणी नाही म्हणत न्हाई." सकाळी आम्ही पोचलो. शेतच सापडेना. नवा महामार्ग होणार म्हणून तिकडचे भाव वर्षभरात आभाळाला भिडले होते आणि त्या गावच्या माणसाने जमीन पुढे एका प्लॉटिंगवाल्याला दिली होती. नांगर लागला नव्हता, शब्द पाळला होता त्याने. लागला होता तो जेसीबी. तारेचं कुंपण, रंगीत झेंडे, लोखंडी गेट. वॉचमनने अडवलं. "आत सोडत न्हाईत. प्लॉट बगायला आलाव का?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय."

टोपी घातलेला एक तरुण सेल्समन धावत आला. पाणी दिलं, नकाशा दाखवला, मंदिर इथे, बाग इथे. अप्पा ऐकल्यासारखं करत विजेच्या खांबापर्यंत गेले. खांब तेवढा जागेवर होता. तिथून त्यांनी टाचेला अंगठा लावत चालायला सुरुवात केली आणि खडी अंथरलेल्या रस्त्याच्या मधोमध थांबले. "हितं काय हाय?" "हा आतला रस्ता, काका. नऊ मीटर. हा विकायचा नाही." "आन ह्याच्या शेजारचा प्लॉट? केवढ्याला?" त्याने भाव सांगितला. चिखलीचा भाव होता तो. वर्षापूर्वी तीन एकरांचे जेवढे पैसे अप्पांना मिळाले, तेवढ्यात आता तिथलाच एक गुंठा येत नव्हता. आणि आला असता तरी तो तिचा नव्हता.

अप्पांनी चपला काढल्या. "खडी टोचेल, काका," सेल्समन म्हणाला. अप्पांनी डबा उघडला, सुनेने केलेली भज्जी होती. त्यांनी पहिला घास खडीवर ठेवला, मग त्या पोराला दिली, मला दिली. तिघांनी तिथेच उभ्याने खाल्ली. परतीच्या बसमध्ये त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "मन्मथला कळू देऊ नका. घरात पाऊल टाकलं की त्याला माय दिसंल."

माझा फोन नंबर त्यांनी त्या सेल्समनला देऊन ठेवला होता, घरी फोन नको म्हणून. मग तीन येळवशी आम्ही तसेच गेलो. गिऱ्हाईक म्हणून. दरवर्षी नकाशा बघायचा, भाव विचारायचा, रस्त्यावर उभं राहून जेवायचं. दरवर्षी भाव वाढलेला असायचा आणि अप्पा मान हलवून म्हणायचे, "इचार करून सांगतो." रस्त्याला डांबर पडलं तेव्हा ते वाकून त्यावरून हात फिरवत राहिले. सेल्समनला वाटलं, कामाचा दर्जा बघतायत.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा झोपेतच गेले. सकाळी मी पोचलो तेव्हा मन्मथ गाडी ठरवत होता. जमीन विकल्यापासून तो गावाकडे फिरकला नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, गावाला नेऊ या ना? आईशेजारी जागा आहे. जमीन विकली तरी समाधीला हात लावणार नाही म्हणून शब्द दिलाय त्यांनी." त्याची बायको पोटुशी होती. नव्या घराच्या दारात उभी राहून ती रडत होती.

मी म्हणालो, "अप्पांनी मला सांगितलं होतं, इथेच ठेवा म्हणून."

त्याने विश्वास ठेवला. माझ्या शब्दावर त्या घराने दुसऱ्यांदा विश्वास ठेवला. शहरातल्या दफनभूमीत, शेजारी ओळखीचं कुणी नाही अशा एका कोपऱ्यात आम्ही त्यांना बसवलं.

परवा त्या सेल्समनचा फोन आला. "सर, येळवस जवळ आली. काका येतायत ना? आता थोडेच प्लॉट उरलेत, भाव पुन्हा वाढणार. काय ठरलं तुमचं?"

अप्पा गेले, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण गिऱ्हाइकाशिवाय ते गेट कुणाला उघडत नाहीत.

"अजून ठरत नाहीये," मी म्हणालो. "यंदा एकदा येऊन बघतो."