काकूंचा चष्मा

कोलशेतच्या आमच्या ऑफिसात काकूंचा चष्मा सारखा हरवायचा. काकू म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या, वर्तकनगरहून येणाऱ्या. साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं की थोड्याच वेळात दार ढकलून या हजर. "माझा चष्मा राहिला का हो इथे?" चष्मा बहुतेकदा डोक्यावरच असायचा. आम्ही पोरी त्यांची यथेच्छ टर उडवायचो आणि त्याही आमच्याबरोबर हसायच्या.

साहेब आधी माझ्या कपड्यांवर बोलायचा, मग खुर्चीमागे येऊन खांद्यावर हात ठेवायचा. एकदा हात खाली सरकला, तेव्हा तो झटकून मी बाहेर आले. डोंबिवलीला घरी सांगितलं तर आई रडायलाच लागली, "सोड ती नोकरी, दुसरी मिळेल." माझं डोकं सणकलं. हात त्याचा, मग नोकरी माझी का जावी?

अशा तक्रारींसाठी ऑफिसात समिती असते, कायद्यानेच असावी लागते, हे भिंतीवरच्या पोस्टरमुळे माहीत होतं. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची. केली. चौकशी संपेपर्यंत त्याच्या हाताखाली काम करणार नाही, हेही मागून घेतलं. पण साहेब समितीसमोर सरळ म्हणाला, "ती खोटं बोलतेय." केबिनमध्ये तर आम्ही दोघंच असायचो. माझं कोण खरं मानणार?

साक्षीला काकू आल्या. निवृत्तीनंतर त्या करारावर होत्या आणि तो करार वाढवणं साहेबाच्याच हातात होतं. समितीवर बाहेरून आलेल्या वकीलबाईंनी विचारलं, "तुम्ही नेमक्या तेव्हाच आत कशा जायचात?"

काकूंनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा कधीच हरवला नव्हता, मॅडम. मला पोरीला बाहेर काढायचं असायचं. त्याचा हात तिच्या खांद्यावर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

तक्रार खरी ठरली, साहेबाला जावं लागलं. काकूंचा करार शाबूत राहिला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. निकालाच्या संध्याकाळी रिक्षात मी त्यांना घट्ट मिठी मारली. किती जीव होता माझा या बाईवर, ते मलाच तेव्हा कळलं.

"काकू, मी तर काहीच बोलले नव्हते. तुम्हाला कसं कळलं?"

"कळणार नाही? मीपण विशीतच नोकरीला लागले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझ्यासाठी कुणाचा चष्मा हरवला नाही गं."