मांडीवरचा पोळपाट

मला कॉम्प्युटरातलं काय बी कळत न्हाई, म्हणून लॅपटॉप निवडायला घरातनं सगळ्यात पुढं मीच निघालो.

आता तुम्ही म्हणाल, हा काय शहाणपणा! पण आमच्या यवतच्या अंगाला इचारा कुणाला बी. म्हैस घ्यायची, बैल घ्यायचा, गेलाबाजार शेळी घ्यायची असली तरी लोक आधी मला जीपमधी घालत्यात आन् मग बाजाराला जात्यात. शाळेत मी काय टिकलो न्हाई (गुरुजी म्हणायचे, ह्याला गुरं वळायला लावा, गुरं तरी शहाणी हुतील). पण जनावराच्या पाठीवर नुस्ता हात फिरवला की ते दूध किती देईल आन् लाथ कवा मारंल, हे मी जागच्या जागी सांगतो. दुधाचा अंदाज चुकतो कवा कवा. लाथेचा न्हाई चुकत. ती मीच खाल्लेली असती!

तर झालं असं. आमची तेजू, म्हंजी थोरली लेक, मशीनच्या पार्टांची चित्रं काढती. हातानं न्हाई, कॉम्प्युटरवर. शिरूरकडच्या एका कंपनीनं तिला एक पार्ट काढायला दिला व्हता. सोमवारी नेऊन दाखवायचा. पसंत पडला तर घरी बसून कायमचं काम, न्हाई पडला तर राम राम. पोरगी जेवताना बी ताटात बोटानं तो पार्ट काढायची. वरणभातात गोल, गोलात भोक, भोकात आटे.

आन् हे सगळं करायचं कशावर? तर आमच्या जुन्या डेस्कटॉपवर. त्याचा मान घरात माझ्यापरीस मोठा. त्याला आमच्या मंडळींनी विणलेलं झाकण, माझ्या अंगावर भोकाचा बनियन. पण चालू केला की पिठाच्या गिरणीवानी आवाज! एकदा शेजारची वहिनी खरंच दळणाचा डबा घेऊन दारात उभी ऱ्हायली व्हती. तेजूनं तो पार्ट स्क्रीनवर जरा फिरवायला घेतला की डेस्कटॉप बसलाच, जसा चिखलात बैल. आन् तो उठतोय न उठतोय तवर लाईट जायची. पार्ट गेला. परत पहिल्यापास्नं. शुक्रवारी असंच झालं. लाईट गेली, लाईट आली, डेस्कटॉप काय आला न्हाई.

तेजू रडली न्हाई. नुस्ती म्हणली, "आण्णा, लॅपटॉप घ्यावा लागतोय. साधा न्हाई, तगडा. लाईट गेली तरी बॅटरीवर चालंल आन् पार्ट फिरवला तरी दम लागणार न्हाई. मी मोबाईलवर बघून ठेवलाय. दौंडच्या दुकानात तसला एकच पीस उरलाय."

"तू बघितलास, पण मी कुठं बघितलाय?" मी म्हणालो.

"आवो, तुम्ही काय बघणार त्यात?" मंडळी म्हणाल्या.

"वस्तू कुठली बी असू दे मंगल, बाजार म्हणला की बाजाराचे नेम एकच असत्यात!"

शनिवारी सकाळी एस्टीत बसल्या बसल्या मी दोघींना नेम पढवलं. पहिला नेम, जे आवडलंय त्याच्याकडं बघून तोंड वाकडं करायचं. दुसरा, पैसं माझ्या खिशात न्हाई ठेवायचं, मंगलच्या पिशवीत ऱ्हाऊ द्यायचं, म्हंजी येपाऱ्याला आपला खिसा सपाट दिसतो. आन् तिसरा नेम सगळ्यात मोठा. भाव न्हाई जमला तर पाठ फिरवायची आन् सरळ चालायला लागायचं. मागनं हाक येतीच.

"आन् न्हाई आली तर?" तेजूनं इचारलं.

"अगं, आजवर अशी पाठच न्हाई झाली, जिला हाक आली न्हाई!"

दुकान एकदम गारेगार. काचंचं दार. (दार ढकलायचं व्हतं. मी ओढत बसलो. आतनं सगळी बघत व्हती. पण ते सोडा.) काळा टी-शर्ट घातलेला, कोरीव दाढीचा एक पोरगेला इसम पुढं आला आन् तेजूनं नाव सांगितल्यावर त्यो लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. तेजूचं डोळं असं लकाकलं, की मी तिला टेबलाखालनं पाय मारला. पहिला नेम! पाय मंगलला लागला.

"आवो!" मंगल ओरडली.

"बघा," मी सेल्समनला म्हणालो, "मंडळींना बघताक्षणीच पसंत न्हाई."

मग मी कामाला लागलो. आधी लॅपटॉप उचलून वजन बघितलं. मग उघडला आन् दात बघावं तशी सगळी बटणं एक एक करून दाबली. मग पालथा घातला, पोटावरनं हात फिरवला. मग कान लावला.

"काका, काय ऐकताय?" सेल्समननं इचारलं.

"धाप लागतीया का बघतोय."

"काका, अजून चालू नाही केला."

"मग करा की! चालवल्याशिवाय कुणी घेतं व्हय?"

त्यानं चालू केला. खरं सांगतो, आवाज न्हाई की काय न्हाई, आन् स्क्रीन अशी झळकली की मंगल चटकन पदर सारखा करून बसली. सेल्समन रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड असं घडाघडा बोलाय लागला. मी हळूच तेजूला इचारलं, "रॅम म्हंजी काय गं?"

"आण्णा, खळं समजा. खळं मोठं असलं की एका टायमाला जास्त माल पसरता येतो. ह्याचं खळं लई मोठं हाय. हाच घेऊ."

"हळू बोल!" मी कुजबुजलो आन् मग मोठ्यानं म्हणालो, "खळं लहान वाटतंय."

"काका, ह्याच्यापेक्षा मोठं..."

"रंग बी मळका हाय."

"तो ग्रे आहे, काका."

"तेच म्हणतोय. आन् अंगानं वाळल्याला दिसतोय. आमचा जुना चांगला धष्टपुष्ट व्हता. का गं मंगल?"

मंगलला आता जोर चढला व्हता. "व्हय तर! त्यो आडवा पडला तरी चांगला खोलीभर दिसायचा. हे काय, परातीएवढं बी न्हाई!"

सेल्समन बिचारा भला माणूस. त्याला वाटलं, गिऱ्हाईकाला खरंच न्हाई आवडला. त्यानं लॅपटॉप मिटला आन् आदबीनं मागं ठेवून दिला. मी मनातल्या मनात म्हणालो, हा तर मुरलेला येपारी निघाला! आता भावाचं बघू. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत, टॉवेलाखाली बोटं धरून सांगत्यात, म्हंजी बाकीच्यांना पत्ता लागत न्हाई. मी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला आन् आतनं त्याची बोटं पकडली.

सेल्समन ताठच झाला.

"काका... हात..."

"बोला," मी डोळा मारला. "हितं की हितं?" आन् आधी एक बोट दाबलं, मग दुसरं.

"काका, हात सोडा ना प्लीज!"

"अरे, एवढ्यावर सोड की!"

"आण्णा, सोडा त्याला!" तेजू.

"तीच तर बोलणी चाललीत!" मी.

दुकानातली सगळी गिऱ्हाईकं आमच्याकडं बघाय लागली. एकानं तर मोबाईल बी वर धरला. सेल्समननं कसाबसा हात सोडवून घेतला, बोटं मोजून बघितली आन् म्हणाला, "काका, किंमत खोक्यावर छापलेली असते. ती कमी होत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या तुमचा खोका!" मी टॉवेल झटकला. तिसरा नेम! पाठ फिरवली आन् ऐटीत चालाय लागलो. (दाराशी परत अडलो. ते आता ढकलायचं न्हाई, ओढायचंच व्हतं, पण मी शिकल्यावानी ढकलत व्हतो.)

समोर रसवंती व्हती. तिथं असं बसलो की दुकानाचं दार नीट दिसावं आन् आपण मात्र तिकडं बघत न्हाई असं वाटावं. एक एक ग्लास रस मागवला.

"आता बघ, ग्लास सपायच्या आत हाक येती."

ग्लास सपला. मी दुसरा मागवला. त्यो बी सपला. रसवाल्याला वाटलं आम्ही कुठल्या नवसाचं पितोय. दुकानाचं दार काय उघडंना.

"आण्णा," तेजू म्हणली, "सोमवारी दाखवायचाय पार्ट. त्यो येकच पीस हाय."

तिचा आवाज जरा कापला. मी ग्लास खाली ठेवला. पण पाठ फिरवल्यावर आपण व्हऊन माघारी जायाचं म्हंजी बाजारात तोंड दाखवाय जागा ऱ्हात न्हाई!

"असं कर," मी म्हणालो, "मी न्हाई जात. तू आन् तुझी आई सहज म्हणून जा. मेथी बी घ्यायचीच हाय. जाता जाता नुस्तं बघून या, त्यो हाक मारायच्या बेतात हाय का. पण आवडल्यालं दावू नका!"

दोघी गेल्या. मी तिसरा ग्लास घेतला. बऱ्याच येळानं आल्या. मंगलची नायलॉनची पिशवी टम्म फुगलेली, वर मेथीच्या जुड्या.

"काय म्हणतोय?"

"काय न्हाई," तेजू खाली बघत म्हणली.

"हाक मारायच्या बेतात हाय?"

"वाटत न्हाई."

तिनं ओढणीचा बोळा तोंडाला लावला, खांदं हालाय लागलं. पोरगी रडाय लागली! मग मात्र मी मान अपमान समदं रसवंतीत ठेवलं आन् पळत दुकानात घुसलो. (दार आपसूक उघडं व्हतं. देव हाय.)

"द्या त्यो लॅपटॉप! छापील भावात द्या! रंग चांगला हाय! खळं बी मोठं हाय!"

सेल्समननं आधी दोन्ही हात पाठीमागं घेतले आन् मग म्हणाला, "काका, तो गेला. आत्ताच."

"गेला? कुणा मेल्यानं नेला?"

त्यानं माझ्या मागं दाराकडं बघितलं आन् म्हणाला, "होते एक गिऱ्हाईक."

माघारी आम्ही एस्टीत बसलो. मंगलनं ती पिशवी माझ्याकडं दिली. मी पायाखाली टाकाय लागलो तर किंचाळली, "खाली नगं!"

"का? मेथीला काय गरगरतंय व्हय?"

"मांडीवर घ्या म्हणती ना!"

घेतली मांडीवर. गाडीनं खड्डा घेतला की कायतरी पोटात टोचायचं.

"काय घातलंयस ह्यात? कोपरा लागतोय."

"पोळपाट हाय."

"पोळपाट? घरात पोळपाट असताना? लेकीचं काम चाललंय हातातनं आन् तू पोळपाट घेतीस?"

"चांगला दिसला, घेतला."

"आन् चौकोनी?"

"आता तसलेच येत्यात," तेजू खिडकीतनं बाहेर बघत म्हणली. खांदं परत हालत व्हतं.

मी तिला म्हणालो, "तेजू, माझं चुकलं. त्यो लॅपटॉप लाखात एक व्हता. मी हातात धरला तवाच वळखलं व्हतं. आता तसली चीज परत ह्या हातात यायची न्हाई." आन् दुःखाच्या भरात त्या पोळपाटावर असा कोपर रोवून बसलो की मंगल म्हणली, "आवो, जपून! फुटंल!"

"पोळपाट कवापास्नं फुटाय लागला?" मी खेकसलो, आन् केडगावपास्नं यवतपर्यंत त्याच्यावर डोकं टेकून झोपलो.

घरी पोचलो तर लाईट गेल्याली. अंधारात मी भिंतीला टेकून बसलो आन् म्हणालो, "काढ बाई तुझा त्यो पोळपाट, निदान भाकरी तरी..."

तवर घर उजळलं. तेजू पाटावर बसलेली, पुढं त्यो ग्रे लॅपटॉप उघडा, त्याच्या कडंला मेथीचं एक पान चिकटलेलं, आन् स्क्रीनवर तिचा पार्ट कुंभाराच्या चाकावानी गरगर फिरतोय. दम न्हाई की धाप न्हाई!

मी त्याच्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, मग पोटावरच्या वळाकडं बघितलं.

"सांगायचं न्हाई व्हय मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आत जाऊन परत त्याची बोटं धरली असती," मंगल म्हणली. "आन् पैसं माझ्या पिशवीत ठेवायचं कुणी सांगितलं व्हतं?"

तेजू हसत हसत म्हणली, "आण्णा, त्यो सेल्समन इचारत व्हता, ते टॉवेलवाले काका कोण? मी सांगितलं, माझे वडील हायत. त्यांनी हात फिरवल्याशिवाय आमच्याकडं दावणीला काय येत न्हाई."

मी मेथी निवडाय घेतली.

रविवारी दिवसभर लाईट येऊन जाऊन व्हती. तेजूचं बोट काय थांबलं न्हाई. सोमवारी ती लॅपटॉप घेऊन शिरूरला गेली. संध्याकाळी आली ती पेढं घेऊनच. पहिला पेढा मला दिला, दुसरा लॅपटॉपवर ठेवला, आन् त्यो बी मीच खाल्ला.

आता गावात बोभाटा झालाय की तेजूचा लॅपटॉप आण्णांनी निवडलाय. परवा वरच्या आळीचा आप्पा आला. "आण्णा, नातवाला लॅपटॉप घ्यायचाय. तुम्हाला यावंच लागंल!"

मी येतो म्हणालो. माझं काम मला आता पक्कं ठावं झालंय. मी रसवंतीत बसतो, आन् सगळं उरकलं की कुणीतरी माझ्या मांडीवर पिशवी आणून ठेवायची. आत काय हाय ते मात्र मला सांगायचं न्हाई!