पाच धाग्यांचा पट्टा

भर मे महिन्यात चामड्याचं काळं जाकीट घालून फिरणारा माणूस माळव्यातल्या धारमध्ये तेव्हा दुसरा कोणी नसावा. कॉलेजच्या फाटकासमोर एका मिस्त्रीचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे तो चेन बसवून घेत उभा होता. मी ग्रंथालय बंद करून जेवायला घरी निघालो होतो. अनोळखी माणसाशी बोलायची मला सवय नाही, तरी विचारलं, उकडत नाही का. माझं मराठी ऐकून तो हसला. म्हणाला, "उकडतं ना. म्हणून तर घातलंय."

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तो देवासचा. वडील सातारा भागातून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले, थोरला भाऊ एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात. तो स्वतः परदेशात माल पाठवणाऱ्या एका लहानशा चामड्याच्या कारखान्यात तपासनीस होता. नापास झालेला माल बाहेर विकला जाऊ नये म्हणून यंत्राखाली घालून त्याचे तुकडे करायचे आणि ते होईपर्यंत समोर उभं राहायचं, हेही त्याचंच काम. या कामाबद्दल तो फार बोलत नसे.

आमच्या घरी चामडं सोवळ्यात चालत नसे. पूर्वज संस्थानात कारकून होते. ते गेले, त्यांचे नियम राहिले. वडील पूजेला बसण्याआधी घड्याळ काढून कोनाड्यात ठेवत, कारण त्याचा पट्टा चामड्याचा. ते पूजेत असताना मी तो पट्टा नाकाशी धरून उभा राहायचो. का, ते तेव्हा कळत नव्हतं. कळलं तेव्हा सांगायला कोणी नव्हतं. तिशी ओलांडल्यावर मी ते पहिल्यांदा त्याला सांगितलं, आणि त्याने माझी थट्टा केली नाही.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी त्याची भाड्याची खोली होती. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही तिथे जमायचो. आधी तो, मी आणि तो धारचा मिस्त्री. मिस्त्रीने त्या दिवशी चेन बसवता बसवता आम्हा दोघांच्या मनातलं ओळखलं होतं. पुढे कन्नौदच्या तहसील कचेरीतला एक बाबू आला. मग खातेगांवची एक नर्स आली. नवरा सोडलेली, आमच्या सगळ्यांपेक्षा मोठी आणि सगळ्यांपेक्षा धीट. पाचच माणसं. कूलर चालू, दार लावलेलं, स्टोव्हवर चहा. कोणी गुडघे टेकायचं, कोणी हुकूम सोडायचा, कोणी मनगटं पट्ट्यात अडकवून तासभर गप्प बसायचं. बाहेरच्या माणसाला यात काय सुख असेल ते मी समजावू शकत नाही. एवढंच सांगतो, की आठवडाभर ज्या माणसांना साहेबापुढे मनाविरुद्ध वाकावं लागे, ती तिथे मनाने वाकत आणि मनाने उठत.

उठण्यासाठी एक शब्द ठरला होता. तो कोणीही म्हटला, की हात जिथे असेल तिथे थांबायचा. शब्द होता जिरावण. पोह्यांवर भुरभुरायचा तो मसाला. हा मिस्त्रीने सुचवला होता, म्हणाला, "भिया, ऐसा लफ्ज़ रखो जो ऐसे टाइम पे किसी के मुँह से गलती से न निकले." आम्ही फार हसलो होतो.

कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाबरोबर आलेलं एक जुनं मासिक त्या जाकीटवाल्याकडे होतं. ते मी शब्दकोश घेऊन थोडं थोडं मराठीत वाचून दाखवायचो. महायुद्धातून परतलेले, घरी मन न रमलेले अमेरिकी सैनिक, त्यांच्या मोटरसायकली, त्यांचे क्लब, नव्या माणसाला जुन्यांनी शिकवायच्या गोष्टी. त्यात पुरुष होते, बायका होत्या, काळे होते, गोरे होते, आणि त्यांचे आपापसात तंटेही होते. नर्स म्हणाली, म्हणजे आपल्यासारखेच. आपल्यालाही इतिहास आहे हे आम्हाला त्या फाटक्या पानांवरून कळलं. मग त्याला वाटलं, आपलाही काही पुरावा हवा. नावं लिहिणं शक्य नव्हतं, कायद्याच्या लेखी आम्ही गुन्हेगार होतो. म्हणून त्याने चार बोटं रुंद असा काळा पट्टा कापला आणि ठरवलं, की येणाऱ्याने त्यावर आपल्या हाताने, आपल्या रंगाच्या धाग्याने एक ओळ शिवायची. त्याचा पिवळा. मिस्त्रीचा हिरवा. नर्सचा पांढरा. माझा लाल, आमच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायला येणाऱ्याकडून मी तो मागून आणला होता.

बाबूने मात्र दोन वर्षं ओळ घातली नाही. आम्हाला शिवायला शिकवलं त्यानेच. आरी कशी धरायची, मेण किती लावायचं, टाका कुठे आवळायचा. त्याचे वडील कन्नौदच्या बाजारात जोडे शिवत. एका रविवारी मी पट्ट्यांना तेल लावलं, उठलो, मोरीत गेलो आणि साबणाने हात धुतले. मग पुन्हा धुतले. माझ्या ध्यानीमनीही काही नव्हतं. परत आलो तर बाबू माझ्याकडे पाहत होता. नर्सने त्याचे हात बांधले होते. तो शांतपणे म्हणाला, "जिरावण."

नर्सने लगेच पट्टे सोडले. तिला वाटलं, हात दुखला. तो मनगट चोळत माझ्याशीच बोलला. "वडिलांच्या हाताचा वास जावा म्हणून त्यांनी मला बी. कॉम. केलं. तुम्ही तोच वास हौसेने अंगावर घेता आणि जाताना धुऊन टाकता. मला तो धुता आला नाही कधी. चांगलं आहे तुमचं."

तो पुढचे तीन महिने आला नाही.

त्या संध्याकाळी मला मोटरसायकलवरून बसस्टँडवर सोडताना जाकीटवाला म्हणाला, की माफीचं पत्र वगैरे लिहू नकोस, तुझी पत्रं फार चांगली असतात. पुढल्या वेळी सगळ्या वस्तूंना तूच तेल लाव, आणि हात न धुता तसाच धारला जा. मी तसं केलं. इंदूरला बस बदलून तीन तास मी ते हात मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला. घरी आईने दारातच विचारलं, कसला वास येतोय. मी म्हणालो, चामड्याचा. आयुष्यात तिला या बाबतीत सांगितलेलं ते एकच खरं वाक्य. बाबूला हे कोणी सांगितलं मला माहीत नाही. तीन महिन्यांनी तो आला, खिशातून निळा धागा काढला आणि कोणाशी न बोलता ओळ घालायला बसला. त्याची ओळ सर्वांत सरळ होती.

पट्टा असा पुरा झाला. त्यानंतर आठेक वर्षं आम्ही जमत राहिलो.

मग ज्याची ती खोली होती, तो गेला. मेंदूत चढलेला मलेरिया, चार दिवस. इंदूरच्या इस्पितळात घरच्यांखेरीज कोणाला सोडत नव्हते. मी कोण म्हणून जाणार होतो? नर्स आपला पांढरा गणवेश घालून आत गेली, तिला कोणी अडवलं नाही. पाच मिनिटं त्याचं मनगट धरून उभी राहिली. बघणाऱ्याला वाटलं असेल, नाडी मोजतेय. बाहेर येऊन मला म्हणाली, त्याने डोळे उघडले नाहीत. तिने मला खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

तेराव्याला मी देवासला भावाकडे जेवायला गेलो. त्या घरी मला 'लायब्ररीवाले मित्र' म्हणत. भाऊ सरळ माणूस, आवाज न चढवणारा. पानं उठल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. त्याची भाड्याची खोली रिकामी करताना आणलेली ट्रंक तिथे होती. जाकीट, मनगटाचे पट्टे, बकलं, आणि सगळ्यांत वर तो पट्टा. त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत असेल. हे काय आहे?"

दाराशी वहिनी वाट्या गोळा करत होत्या. मला वाटलं, आता सगळं माझ्या एका उत्तरावर आहे. त्याची लाज राखायची या एकाच विचाराने मी म्हणालो, "कारखान्याचं सँपल असेल. एक्सपोर्टचं."

त्यांचा चेहरा सैल पडला. त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. मी जायला निघालो तेव्हा त्यांनी हात जोडले. ट्रंक मला द्या, एवढं म्हणायला जीभ उचलली नाही. सँपल म्हटल्यावर मी ती मागणार तरी कशाच्या जोरावर? चार दिवसांनी येऊ, काहीतरी सबब सांगून नेऊ, असं मी बसमध्ये ठरवलं.

चौथ्या दिवशी गेलो तेव्हा ट्रंक तिथे नव्हती.

भावाने चहा मागवला. मग खाली बघत म्हणाले, की त्या रात्री झोप लागली नाही. एक्सपोर्टचं सँपल घरी, म्हणजे विचारून तर आणलं नसणार. आमच्याकडे असं कोणी केलेलं नाही. वडिलांनी कारखान्यातून कधी खिळा आणला नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी ते रिक्षात ट्रंक घालून कारखान्याच्या गेटवर गेले, 'माझ्या भावाकडून चुकून घरी आलेला माल' असा अर्ज लिहिला, सगळं जमा केलं आणि पावती घेतली.

मी धावत कारखाना गाठला. स्टोअरचा माणूस त्याला ओळखत होता. म्हणाला, साहब का ही नियम था, बिना नंबर का माल चौबीस घंटे में कटिंग में. त्याच्या जागी आलेल्या नव्या तपासनीसाने समोर उभं राहून ते केलं होतं. मी तुकडे कुठे आहेत विचारलं. ते वीटभट्टीला जाळायला जातात, म्हणाला. गाडी सकाळी गेली होती.

पट्टा गेला होता आणि तो परत येणार नव्हता. पण भावाच्या मनात माझा मित्र आता चोर झाला होता, आणि त्याला चोर मी केलं होतं. मी परत त्यांच्या घरी गेलो. ते दारातच उभे राहिले.

"तो चोर नव्हता," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. ते कारखान्याचं नव्हतं. तो पट्टा आमचा होता."

"आमचा म्हणजे?"

"पाच जणांचा. त्यातला एक तो. एक मी. आम्ही तसे... आम्ही एकत्र होतो."

त्यांना किती कळलं मला सांगता येत नाही. पण पुष्कळ कळलं असावं, कारण आतून वहिनींनी, कोण आलंय, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, कोणी नाही. मग आत गेले आणि पावती घेऊन आले.

"ही तुम्ही ठेवा," म्हणाले. "आणि वर्षश्राद्धाला येऊ नका."

मी गेलो नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी मी देवासच्या टेकडीवर चढलो. अर्ध्या पायऱ्यांवर बाबू बसलेला होता. आम्ही ठरवलं नव्हतं. मी त्याला पावती दाखवली. त्याने ती चष्मा वर करून सावकाश वाचली, सरकारी कागद वाचावा तशी, आणि घडी मोडू न देता परत दिली. नवा पट्टा कापायचं मी बोललो. तो म्हणाला, त्याची पिवळी ओळ कोण घालणार?

आम्ही पुन्हा जमलो नाही.

पावती माझ्याकडे आहे. कार्बनची निळी प्रत, आता फिकी पडत चालली आहे. गेटवरचा चौकीदार कोण होता माहीत नाही, पण त्याने नीट पाहून लिहिलं होतं. जाकीट, काला, एक. छोटे पट्टे, आठ. आणि शेवटच्या ओळीत: पट्टा, चमड़े का, चौड़ा, पुराना, पाँच रंग की हाथ सिलाई, एक नग.