आबांच्या पायाला थंडी लागत नाही

मराठवाड्यात थंडी फक्त कानातून शिरते. याबद्दल आमच्या भागात कुणाचं दुमत नाही. डिसेंबरात पहाटे अहमदपूर-लातूर रस्त्यावर उभं राहून बघा. मोटारसायकलवरच्या माणसाने आधी रुमाल, त्यावर मफलर, त्यावर कानटोपी असा कानांचा पक्का बंदोबस्त केलेला असतो आणि पायात उघडी चप्पल असते. पायांच्या वाटेला थंडी जात नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं आहे.

मी मात्र नांदेडला नोकरीला लागलो आणि बिघडलो. दर शनिवारी गाडीवर गावाकडे यायचं, सोमवारी पहाटे परत जायचं. त्यात माझी पायाची बोटं गोठून जायची. मग मोबाइलवर ज्ञान मिळवलं आणि एकावर एक दोन मोजे घातले. बूट इतका आवळला की पाय आधीपेक्षा गार पडले. पुढच्या आठवड्यात बुटात वर्तमानपत्राची घडी कोंबली. अग्रलेख नेमका टाचेखाली आला होता, त्याची ऊब दोन गावंही टिकली नाही. त्यानंतर ऑनलाइन बूट मागवले. ते बहुधा बर्फात राहणाऱ्यांसाठी असावेत, कारण ते गिअरखाली जाईनातच. एकदा नांदेडपर्यंतचा अर्धा रस्ता मी तिसऱ्या गिअरमध्ये काटला.

शेवटी यश आलं ते दुधाच्या पिशव्यांना. पिशवी कापून धुवायची, वाळवायची, मोज्यावर चढवायची आणि मग साधा बूट घालायचा. वारा आत शिरत नाही. चालताना करकर आवाज येतो, एवढंच.

"पायाला दूध पाजायलास का रं?" आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. आबा म्हणजे माझे वडील. वय सत्तर, सगळा जन्म शेतात अनवाणी गेलेला. "आमच्या पायाला कधी थंडी लागली न्हाई. तुमचे पाय हापिसातले."

आबांना शुगर आहे. आदल्या वर्षी धसकट लागून करंगळीजवळ जखम झाली, ती भरायला चार महिने गेले. लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, या वेळी पाय वाचला, पुन्हा जखम झाली तर वाचेलच असं नाही. अनवाणी फिरायचं नाही, पाय जपायचे. आणि दर वेळी ते विचारायचे, "पायाला मुंग्या येतात का? बधिर वाटतं का?" यावर आबा, डॉक्टरांनी सातबाऱ्याचीच चौकशी केल्यासारखे ताठ होऊन म्हणायचे, "छ्या! ठणठणीत हायेत." मी शेजारी बसून मान डोलवायचो. खरं सांगायचं तर मला त्या पायांचा हेवा वाटायचा.

त्या सोमवारी लातूरला आबांचं रक्त तपासायचं होतं, तेही उपाशीपोटी, आणि सातच्या आत नंबर लावायचा होता. एसटीत आबांना मळमळतं. म्हणून पाचलाच गाडी काढली. माझ्या पायात दुधाच्या पिशव्या, आबांच्या कानाला तीन थर आणि पायात चप्पल. मोजे घाला म्हणालो तर म्हणाले, "मोजे लग्नात घातले होते, तेवढे बास."

चाकूरच्या अलीकडे माझ्या हाताची बोटं क्लच दाबेनात. रस्त्याकडेला हॉटेलवाल्याने तुराट्यांची शेकोटी पेटवली होती, तिथं थांबलो. चहा प्यायचा नव्हता, म्हणून हॉटेलवाला आमच्याकडे फुकटे आलेत अशा नजरेने बघत होता. आबा बाजेवर बसले, चप्पल बाजूला काढली आणि पाय शेकोटीकडे लांब केले. मी चप्पल घाला म्हणालो, तर त्यांनी मलाच तमाशात उभं केलं.

"ह्याच्या पायात काय हाय इचारा," ते हॉटेलवाल्याला म्हणाले. "अर्धा लिटर गायीचं हाय!"

हॉटेलवाला हसला. आबांना चेव आला. नदीतून बैल कसे काढले, पाण्याची पाळी देताना रात्रभर चिखलात कसे उभे राहिले, सगळं निघालं. हॉटेलवाल्याने मध्येच नाक वर केलं.

"काका, काय जळायलंय?"

वास मलाही आला. मी पहिल्यांदा काय केलं असेल? माझे बूट बघितले. प्लॅस्टिक वितळलं असणार, म्हणून चांगले वाकून, उलटसुलट करून तपासले. पिशव्या सुखरूप होत्या. मग हॉटेलवाल्याने पोतं बघितलं, बाजेची दोरी बघितली. आबाही आमच्यासोबत इकडेतिकडे शोधत होते. एक जळकी तुराटी घसरून त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला टेकली होती आणि ते हॉटेलवाल्याला म्हणत होते, "चूल बघ तुझी, चूल."

मी त्यांचा पाय ओढला. हॉटेलवाल्याने घागरीतलं गार पाणी दोन्ही पायांवर ओतलं, ओततच राहिला. अंगठ्याच्या बाजूची कातडी पांढरी पडून सुटली होती. आबा त्या पायाकडे बघत होते. ओरडले नाहीत, कण्हले नाहीत. मला वाटत होतं, त्यांनी एकदा तरी ओरडावं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"आबा, कळलं नाही तुम्हाला?"

हॉटेलवाल्याने धुतलेलं फडकं दिलं, ते सैल गुंडाळलं. आबांनी डावी चप्पल तेवढी पायात सरकवली. आता लातूर गाठणं एवढंच हातात होतं. मी गाडी चालू केली. अजून उजाडलं नव्हतं. आबा माझ्या खांद्याचा आधार घेत मागे बसले आणि हॉटेलवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

"बघ बरं, पाय फुटरेस्टवर हायेत का. दर टायमाला मीच वाकून बघतो. आज अंधारात दिसंना."

गाडी बंद करून मी खाली उतरलो. मोबाइलचा उजेड पाडला. जळलेला पाय जागेवर होता. डावा चपलेसकट खाली लोंबत होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि फुटरेस्टवर ठेवला. पाय गारठून दगड झाला होता. माझे हात अजून त्याच्यावरच होते.

"ठेवला का?" आबांनी विचारलं.