हरकतीचे सात दिवस

मंगेश गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचाच कागद माझ्या हातात होता आणि मी त्याच्यावर चिडलो होतो. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं आटोपलं... आणि मी लाल पेनाने समासात लिहून बसलो होतो, ‘हे कुणाला कळणार?’

शाळेपासूनचा मित्र. मी मराठीचा शिक्षक झालो. तो राहनाळच्या घरी माळ्यावर बसून ब्लॉकचेनचं, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या नोंदवहीचं, काम करू लागला. मूळ ब्लॉकचेन संथ, म्हणून तिच्यावर वेगवान नेटवर्कं उभी राहिली. पण एकावरची नोंद दुसरं मानत नाही. ती आधी खाली मूळ ब्लॉकचेनवर न्यायची, कुणाची हरकत येते का म्हणून सात दिवस थांबायचं, मगच पुढे. हा फेरा टळून नेटवर्कांनी थेट एकमेकांचं मानावं, यासाठी तो राबत होता. एवढं कळायला मला दोन वर्षं लागली. त्याच्या वडिलांना, म्हणजे काकांना, तर पोरगा दिवसभर खुर्चीत बसतो एवढंच दिसे. त्यांना कळेल असं एक पान मराठीत लिहायचं, हा त्याचा ध्यास... पान माझ्या हाती देऊन बजावायचा, “सात दिवसांत हरकत आली नाही, तर बरोबर धरीन.” सहाव्या दिवशी माझी हरकत ठरलेली.

“मास्तर, निबंध तपासतोस की जीव घेतोस?”

“मग ‘थर’, ‘पूल’ असलं लिहू नकोस. काकांना खाडीवरचा पूल वाटेल.”

अशी किती पानं फाडली आम्ही!

महिन्याभराने ते शेवटचं पान घेऊन काकांकडे गेलो. मानकोलीच्या एका गोदामाच्या गेटवर त्यांनी बरीच वर्षं ड्युटी केलेली. आधी मंगेशचा सात दिवसांत हरकत घ्यायचा नियम सांगितला, मग पान वाचून दाखवलं.

“म्हंजे ह्या गेटचा पास समोरच्या गेटला चालत न्हाय. ट्रकवाल्याला शिक्क्यासाठी पार हापिसात पाठवतात. तसंच ना?”

“तसंच, काका.”

“मंग मला इचारायचं! गेटवर काय झोपा काढल्या मी?”

मला इतका संताप आला... मंगेशचा, माझा, त्या लाल पेनाचा. ज्यांच्यासाठी लिहीत होतो त्यांना आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. काका माळ्यावर गेले आणि पान मंगेशच्या कीबोर्डखाली सरकवून आले.

आठव्या दिवशी मी पुन्हा गेलो. पान तिथंच होतं. ‘हे कुणाला कळणार?’ याच्या खाली, गेटच्या रजिस्टरात करायचे तशीच, काकांची सही होती.