चपलांची रांग आणि माझा चार नंबर

कऱ्हाटी गावच्या एका म्हातारीनं माझी पोरगी वाचवली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना तिचंच राहून जाईल अशी भीती वाटते.

मी नांदेडकडचा. सातवीत शाळा सुटली. आता अंथुर्ण्याजवळ कोंबड्यांच्या शेडवर कामाला आहे. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, सहा वर्षांची पोरगी माझ्याजवळ. तिला दमा. त्या सकाळी तिची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली, तेव्हा शेडच्या मालकानं मोबाइलवरून बारामतीच्या डॉक्टरांचा नंबर लावून दिला. मेसेज आला : चार नंबर, साडेदहा. मालकाचीच मोटारसायकल घेऊन निघालो; वाटेत थांबवून थांबवून मी तो तीनदा वाचला.

दवाखान्याच्या दारापासून रस्त्यापर्यंत चपलाच चपला. मला वाटलं, आत जाताना लोकांनी काढून ठेवल्यात. पोरगी खांद्यावर होती, वाट हवी होती. पायानं पाच-सहा जोड बाजूला सारले.

तीच रांग होती. पहाटे चपला मांडून माणसं समोर झाडाखाली बसली होती.

"ए, लोकांच्या चपला उधळतोस व्हय?" एक धिप्पाड गडी उठून आला.

मी मोबाइल पुढं केला. "माझा चार नंबर आहे, ऑनलाइन."

"मग आमी पाटंपासनं हितं काय माशा मारतूय?"

त्यानं मोबाइल उडवला आणि कानाखाली जाळ काढला. दुसऱ्यानं गचांडी धरून माझं डोकं शटरवर आपटलं. कुणाची तरी लाथ कमरेत बसली. तोंडात रक्त आलं, दात हलला. दोन्ही हातांनी पोरगीला धरलेलं, त्यामुळं वार चुकवता येईना. तेवढ्यात तिच्या छातीची शिट्टी बंद झाली. ओठ निळे पडले. मार विसरून मी तिला हलवायला लागलो.

पहिली चप्पल त्या म्हातारीची होती. तिनं येऊन त्या गड्याच्या नडगीवर काठी हाणली.

"मुडद्या, पोरगी निळी पडली, दिसंना व्हय? पयला नंबर माजा हाय. माज्या जागी ही जाईल. कुणाला काय बोलायचंय का?"

मोबाइलवरचा नंबर त्यांना मान्य नव्हता, तिचा होता. त्याच गड्यानं दार ढकलून आम्हाला आत घेतलं.

मशीननं वाफ दिली, सुई टोचली, तशी पोरगी रडली. तिचं रडणं ऐकून मीही भिंतीला टेकून रडलो.

बाहेर आलो तर म्हातारीची चप्पल पार रस्त्याकडेला. नंबर दुसऱ्याला दिला की आपण शेवटी जायचं, असा तिथला रिवाज. मी पाया पडायला वाकलो.

"ऱ्हाऊ दे. आदी त्वांड धू, पोरगी भ्यायली बघून. मी हाय कऱ्हाटीची, टँकरच्या पाण्यासाठी रांगंत बसायची मला सवय हाय."

नाव विचारायचं सुचलंच नाही. पण कऱ्हाटी काही लांब नाही. एक दिवस मी तिचं घर हुडकून काढीन आणि जे काम सांगेल ते करीन. हे फेडल्याशिवाय नांदेडला कायमचा परतणार नाही.